बेचाळीस सह्या आणि एक असहाय महिला

संक्रांतीच्या सकाळी मी आईला म्हटलं, "या वर्षी प्लाझात तिळगूळ वाटायला मी जातो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. (पाक करपला होता, हे मला नंतर कळलं.) सव्वीस वर्षांत मी सणाचा डबा घेऊन कुणाच्या दारी आपणहून गेलो नव्हतो. सणांबद्दल माझी काही मतं आहेत. तशी ती सगळ्याच गोष्टींबद्दल आहेत. समाजशास्त्रात एम. ए. केलं की मतं होतातच, आणि नोकरी लागेपर्यंत ती घरच्यांना ऐकावी लागतात.

डबा अर्थात निमित्त होता. डब्याखाली एक फाईल होती. फाईलमध्ये दोन पानी निवेदन आणि सह्यांसाठी चार कोरे तक्ते.

ग्वाल्हेर स्टेशनातून बाहेर पडून रिक्षावाल्यांच्या तावडीतून सुटलात की समोर जी दुमजली, पिवळट, जिन्यात पानाच्या पिंका असलेली इमारत दिसते ना, ती आमची सुरभी प्लाझा. बेचाळीस दुकानं. वरच्या मजल्यावर चौदा नंबर आईचं: फॉल, पिको, ब्लाउज. ही इमारत पाडून तिथे एकोणीस मजली निवासी टॉवर बांधायचा, खाली दुकानं आणि वर फ्लॅट, असा एका बिल्डरचा प्रस्ताव होता. प्रत्येक जुन्या दुकानदाराला खाली नवीन दुकान आणि वर एक लहान फ्लॅट.

हे ऐकून माझं रक्त उसळलं. शहराचा आत्मा, छोटे व्यापारी, भांडवल, काचेचे मनोरे! मी त्याच रात्री 'सुरभी बचाव समिती' स्थापन केली. (अध्यक्ष मी. सचिवही मीच. सदस्यांची निवड बाकी होती.)

आता तुम्ही विचाराल, आईचं यावर काय म्हणणं होतं? हा प्रश्न तुम्हाला सुचला. मला सुचला नाही. आणि यापुढे मी जे सांगणार आहे ते मान खाली घालूनच सांगणार आहे. आमच्या घरात प्लाझाचा विषय निघाला की मी चाळीस मिनिटं बोलत असे. म्हणून हळूहळू तो विषय निघेनासा झाला. या शांततेला मी सहमती समजलो.

पहिली सही आईचीच घेतली. ती दुकानात मशीनवर होती. समोर एक बाई जांभळी साडी घेऊन ताटकळत उभी.

"आई, इथे सही कर."

"कशाची रे?"

"प्लाझाचंच आहे."

"बरं." तिने एका हाताने साडी सरकवत दुसऱ्या हाताने सही ठोकली. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून कॉलेजच्या फीमाफीच्या अर्जापर्यंत माझ्या प्रत्येक कागदावर ती अशीच सही करत आली आहे. मी पुढे केलेला कागद तिने कधी वाचला नाही. मला तेव्हा याचा आनंद झाला. आज आठवलं की कान गरम होतात.

पहिल्या ओळीत 'शरयू लक्ष्मीकांत गोखले' आलं आणि पुढचं काम लोण्यासारखं झालं. घड्याळवाले जगदेवराव शितोळे डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, त्याच भिंगातून आईची सही पाहिली आणि विचारलं, "ताईंनी केली ना? मग आण." पापड-मसालेवाल्या सुधाताई म्हणाल्या, "पुन्हा सही? या ऑफिसवाल्यांना तीन-तीन कॉप्या लागतात मेल्यांना." मला ते वाक्य जरा खटकलं. पण क्रांतीच्या वेळी माणूस खटकलेल्या वाक्यांपाशी थांबत नाही. मोबाईलवाले, बांगडीवाले, बॅगवाले, सगळ्यांनी सही केली. सणाच्या दिवशी दारात गोड घेऊन आलेल्या शेजारच्या पोराला आमच्या ग्वाल्हेरात कुणी नाही म्हणत नाही. मला मात्र वाटलं, जनता जागी झाली. दोन दिवसांत बेचाळीसच्या बेचाळीस सह्या!

या प्रस्तावावरची सुनावणी फूलबागेजवळच्या एका सरकारी सभागृहात होती. सगळे दुकानदार आले होते. बिल्डरच्या बाजूने समरजीत नावाचा एक अतिशय नम्र माणूस आला होता. इतका नम्र की त्याने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. आई तिसऱ्या रांगेत होती. तिला पाहून मला भरून आलं. आज मुलगा तिच्यासाठी लढणार होता.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "किसी को आपत्ति है?"

मी उभा राहिलो आणि अकरा मिनिटं बोललो. शेवटाकडे माझा आवाज कापू लागला.

"सर, आँकड़े छोड़िए। मैं आपको एक चेहरा दिखाता हूँ। इसी प्लाझा की एक वृद्ध, असहाय महिला, जो पैर से मशीन चलाकर घर चलाती है। उस बेचारी को तो इन कागज़ों का अर्थ तक नहीं मालूम! उसे ऊँचे फ़्लैट का सपना दिखाकर ठगा जा रहा है।"

टाळ्या पडल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहब," आई म्हणाली, "वो असहाय महिला मैं हूँ."

सभागृह हसलं. म्हणजे आधी सुधाताई हसल्या. मग जगदेवराव, मग सगळे. चहा देणारा माणूससुद्धा कपबश्या खाली ठेवून हसला.

"उम्र तिरपन. बी. कॉम., फर्स्ट क्लास. जिन कागज़ों का अर्थ मुझे नहीं मालूम, उनकी धारा छह और धारा नौ मैंने ही बदलवाई है. समरजीत जी से पूछ लीजिए."

समरजीत उठून उभा राहिला. "चार बार बदलवाई है, सर," तो कळवळून म्हणाला.

मग साहेबांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे समरजीतची: बेचाळीस दुकानदार सहमत. डिसेंबरमध्ये तो मुरैन्याची तिळाची गजक घेऊन दुकानोदुकानी फिरला होता. आणि त्याच्याबरोबर, सगळ्यांना समजावत, माझी आई फिरली होती. उजवीकडे माझी फाईल: बेचाळीस दुकानदार असहमत. नावं तीच, सह्या त्याच. दोन्हीकडे पहिली सही माझ्या आईची.

"आप लोग चाहते क्या हैं?" साहेबांनी चष्मा काढला.

जगदेवराव उठले. "सर, हमको टावर ही चाहिए. वो तो बच्चा तिलगुड़ लेकर आया था. त्योहार के दिन मना कैसे करते? ऊपर ताई के दस्तख़त थे. हमने सोचा कॉपी होगी."

बच्चा म्हणजे मी. एम. ए. झालेला.

मला वाटलं होतं साहेब माझा कागद फेकून देतील आणि प्रकरण संपेल. पण ते नियमाने चालणारे निघाले. एकाच माणसाच्या एकाच विषयावर दोन उलट सह्या, म्हणजे दोन्ही बाद. सात दिवसांत प्रत्येक दुकानदाराची नवी सहमती, 'पढ़कर समझ लिया' असं स्वतःच्या हाताने लिहिलेली. एक जरी कमी पडली तर प्रस्ताव परत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सभागृहातलं हसू बंद झालं. त्या शांततेत बेचाळीस माणसं माझ्याकडे वळून पाहत होती. मला त्या क्षणी खुर्चीखाली जायचं होतं, पण ती समरजीतने सरकवलेली होती.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. शिंदे की छावनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर आई थांबली. आई, बाबा आणि मी दोन खोल्यांत भाड्याने राहतो, दुसऱ्या मजल्यावर.

"अभिराम, घरमालक दर अकरा महिन्यांनी घर बघायला येतो ना, तेव्हा मी काय करते माहितेय तुला?"

"काय?"

"उभी राहते. माझ्याच स्वयंपाकघरात, पाहुण्यासारखी. तो नळ बघतो, भिंत बघतो, ओटा बघतो. चोवीस वर्षं झाली. मला एक असा ओटा हवाय जो कुणी बघायला येणार नाही. बस. इतकीच माझी लालच आहे."

मी म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सुरुवात केली होती," आई म्हणाली. "नोव्हेंबरात. तू चाळीस मिनिटं बोललास. मग कुकरची शिट्टी झाली."

मी काही बोललो नाही. (ही माझ्या चरित्रातली नोंद घेण्याजोगी घटना आहे.) मग म्हटलं, "सह्या मी आणतो."

"आणशीलच. पण नुसत्या नाही. कराराची अकरा पानं आहेत. प्रत्येकाला वाचून दाखवायची. पूर्ण."

"बेचाळीस दुकानांत? अकरा पानं?"

"भाषण तर अकरा मिनिटं पाठ केलं होतंस."

अशा रीतीने 'सुरभी बचाव समिती'चे अध्यक्ष आणि सचिव दुसऱ्या दिवसापासून सुरभी पाडण्याच्या कामाला लागले.

पहिल्यांदा मी जगदेवरावांकडे गेलो. त्यांनी दुकानातली सगळी घड्याळं पाहिली आणि म्हणाले, "तीन ते चार मी झोपतो. त्या वेळी वाच. झोप छान लागेल." पण झोपले नाहीत. मी घाईघाईने एक परिच्छेद गाळला तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "पाचव्यानंतर सातवी धारा कशी आली? सहावी वाच. ताईंवाली आहे ती."

सहावी धारा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. बांधकाम चालेल तितके दिवस दुकानदारांना स्टेशनच्या याच बाजूला पर्यायी दुकानं मिळणार होती, आणि ताब्याला उशीर झाला तर भरपाई. माझ्या निवेदनातला तिसरा मुद्दा हाच होता: 'इन गरीबों का इस बीच क्या होगा?' नवव्या धारेत जिन्याखालच्या चपला शिवणाऱ्या काकांनासुद्धा जागा लिहून दिली होती. बेचाळीसांच्या यादीत ते नव्हते. माझ्या निवेदनातही नव्हते. छोट्या माणसांची बाजू घेताना तो माणूस मला दिसलाच नव्हता. आईला दिसला होता.

हे मी त्यानंतर एक्केचाळीस वेळा मोठ्याने वाचलं. शिक्षा म्हणून याहून वाईट काही मला सुचत नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत लोकांना गोडी लागली. सुधाताईंनी दुकानासमोर पाट मांडला, शेजारच्या दोन बायकांना बोलावून घेतलं, आणि अकरावं पान संपल्यावर सवयीने हात जोडले. मग माझ्या हातात एक केळं ठेवून म्हणाल्या, "आवाज चांगला आहे रे तुझा. पौर्णिमेला येशील का आमच्याकडे?" बॅगवाला मागून ओरडला, "पंडितजी, हमारे यहाँ कब?" चौथ्या दिवसापासून अख्खा प्लाझा मला पंडितजी म्हणू लागला. बांगडीवाल्याला दिल्लीला जायचं होतं, म्हणून त्याला फलाटावर वाचून दाखवलं. गाडी उशिरा होती, नाहीतर दहावी धारा राहिली असती.

सातव्या दिवशी दुपारी एक्केचाळीस सह्या झाल्या. उरली चौदा नंबरची.

आई मशीनवर होती. मी स्टुलावर बसून अकरा पानं वाचली. घसा बसला होता. तिने दोन ठिकाणी माझे उच्चार सुधारले. मग तिने मशीन थांबवली, हात पदराला पुसले, कागद माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुन्हा वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून.

"अगं, आत्ता तर वाचलं मी! आणि तुला पाठ आहे!"

"असू दे."

ऑफिस पाचला बंद होणार होतं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आई एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होती. चुळबुळ करणं मला शोभणार नव्हतं, म्हणून मी नुसता घामाघूम झालो. शेवटी तिने सावकाश, वळणदार अक्षरांत 'पढ़कर समझ लिया' लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाली, "पळ."

मी पळालो. कागद पोचले, पावती मिळाली. महिन्याभराने प्रस्ताव मंजूर झाला. आईने सातव्या मजल्यावरचा, किल्ल्याच्या बाजूचा फ्लॅट निवडला, फक्त स्वतःच्या नावावर. बाबांनी त्या संध्याकाळी ओट्यासाठी काळा दगड बरा की हिरवा, यावर कधी नव्हे ते मत मांडलं, आणि आईने ते ऐकून घेतलं.

इथे मी थांबलो असतो तर निदान थोडी अब्रू राहिली असती. पण गेल्या आठवड्यात सुधाताईंनी सांगितलं की समरजीतची कंपनी आणखी एका जुन्या बाजाराचं काम घेते आहे, आणि सह्या गोळा करायला त्यांना मी हवा आहे. "दो दिन में बयालीस! हमें पूरा महीना लगा था," असं समरजीत म्हणाला म्हणे. पगारी नोकरी!

मी पेटलो. माझी तत्त्वं विकत घेणार? एका बैठकीत मी नकाराचं पत्र लिहिलं. बाणेदार, दोन पानी. शेवटचं वाक्य तर इतकं उत्तम झालं की मी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. मग आईला ऐकवायला चौदा नंबरमध्ये गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, साक्षीदार मिळाले.

"आई, समरजीतचा फोन आला की मला दे. त्याला मला काही ऐकवायचं आहे."

"तो? त्याचा परवाच येऊन गेला," आई दोरा ओवत म्हणाली. "मी नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, मुलगा गुणी आहे, पण या कामाचा नाही."

"पण नोकरी माझी! नकार माझा!" मी पत्र हवेत हलवत ओरडलो. "परस्पर कसं सांगितलंस तू? निदान मला एकदा विचारायचं तरी!"

दुकानातल्या तिन्ही बायका माझ्याकडे पाहू लागल्या. आईने सुई खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि तीही पाहू लागली.

मी पत्राची घडी केली, खिशात घातली आणि विचारलं, "चहा आणू का कुणाला?"