भोपळ्यावर एकच थेंब

मालतीकाकूंच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर दीड वर्षांच्या नूपुरने वरणाचा डाव हाणला. सूर काही निघाला नाही. मुगाएवढं पॉलिश मात्र निघालं.

तंबोरा रियाजासाठी उसना आणलेला. संध्याकाळी बालीगंजला काकूंच्याच घरी मराठी मंडळींची बैठक होती आणि नूपुर झाल्यापासून मीनाक्षी पहिल्यांदाच चार माणसांत गाणार होती. काकू गाण्यातली चूक पोटात घालत, तंबोऱ्यावरचा ओरखडा नाही. एका ओरखड्यापायी त्यांनी एका बाईंना गाऊ न देता, नुसतं जेवू घालून परत पाठवलं होतं.

"सांगून टाकते त्यांना," मीनाक्षी म्हणाली.

"गाणं झाल्यावर सांग. आत्ता मी बुजवतो," तिचा नवरा उदय म्हणाला. "व्हिडिओ बघितलाय. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची, मधे गोंदाचा एकच थेंब. पट्टीमुळे तो बाहेर जात नाही."

उदय बँकेच्या कर्जवसुली खात्यात होता. बाहेर जाणाऱ्या गोष्टींबद्दल त्याला दांडगा आत्मविश्वास होता.

पट्ट्या त्याने सुरेख लावल्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी तोंडाशी सुकली होती, म्हणून जरा जोरात दाबली. थेंब एकच आला, पण नळीत होता नव्हता तेवढा सगळा त्या एका थेंबात आला आणि पट्टीखालून निसटला. उदयने चपळाईने डाव्या हाताचं बोट दाबून त्याला अडवलं. गोंद थांबला. बोटही थांबलं.

"मीनाक्षी, जरा येतेस?"

"टाकलास थेंब?"

"टाकला. वाया नाही गेला."

तिने येऊन पाहिलं आणि घाईघाईने पट्टी ओढली. पट्टीबरोबर आणखी पॉलिश आलं. मुगाच्या जागी आता वालाची शेंग दिसू लागली. मग ती नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आली.

"थांब," उदय म्हणाला. "त्याने गोंद सुटतो, पण लाकडाचं पॉलिशही जातं. व्हिडिओत बजावून सांगितलंय."

मीनाक्षीने एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा भोपळ्याकडे, आणि बाटलीला झाकण लावलं.

"तुझी कातडी परत येईल रे. पॉलिश नाही येणार."

"म्हणजे बोट सोलायचं?"

"बैठकीनंतर बघू."

सॉल्ट लेकच्या घरून टॅक्सी निघताना ड्रायव्हर म्हणाला, "दादा, इसको पीछे डिक्की में रख दीजिए।"

"नहीं होगा," उदय म्हणाला. "हम साथ में हैं।"

काकू दारातच उभ्या होत्या. नूपुरला कडेवर घेत म्हणाल्या, "उदय, ठेव तो खाली. संदेश खा आधी, मिठाई ताजी आहे."

"असू दे काकू, धरतो मी."

"अरे, इथले नवरे तंबोरा टेकवतात आणि बाल्कनी गाठतात."

"मला नाही सोडवत," उदय म्हणाला.

काकूंनी चष्म्यातून त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग हिच्यामागे बस आणि छेड."

मीनाक्षी त्याच्या कानाशी वाकली. "आधी पंचमाची तार, मग जोडीच्या दोन, शेवटी खर्जाची. संपेपर्यंत एवढंच. मधे डोकं चालवू नकोस."

डावा तळहात शेंगेवर पसरून उदयने उजव्या हाताने तारा छेडल्या, बँकेत शिक्के मारावेत इतक्या एकसारख्या. मीनाक्षीचा पहिला षड्ज थरथरला. मागून तारा न चुकता येत राहिल्या, तसा तो हळूहळू जागेवर बसला आणि मग तिने मागे वळून पाहिलंच नाही. नूपुर काकूंच्या मांडीवर संदेश चोखत झोपून गेली.

मंडळी पानांवर बसायला उठली, तेव्हा काकू झोपलेल्या नूपुरला घेऊन जवळ आल्या.

"बोट सुटलं का रे?"

उदयने तळहात शेंगेवर आणखी पसरला.

"गोंदाचा वास दारातच आला मला. पण बोलले असते तर ही पोरगी गायली नसती. आणि तंबोऱ्याला आयता माणूस चिकटलाय, सोडवायची घाई कशाला?"

उदयने हात अलगद उचलला. बोट सहज आलं.

"घामाने सुटलं. दुसऱ्या गाण्यातच."

"मग धरून का बसलास?" मीनाक्षीने विचारलं.

"तू गात होतीस ना."

मीनाक्षी उगाचच नूपुरचं टोपडं सारखं करू लागली. काकूंनी वाकून ती शेंग निरखली आणि सुस्कारा सोडला.

"कारागिराला दाखवू. पुढच्या महिन्यात हिचं गाणं पुन्हा ठेवतेय. उदय, तूही ये."

"तंबोऱ्यावर?" उदयची छाती फुगली.

"हो. न चिकटता बसता येतं का, तेही कळेल."