पंचवीसशे एकविसावा लाडू

"चोर माझ्यासमोर आला की त्याला घाम फुटतो. नाही फुटला, तर तो सराईत चोर. म्हणजे सुटका नाहीच," खंडेराव स्वतःविषयी सांगायचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथं ते फाटकावर हजेरी घेत. गुप्तहेरगिरी उरलेल्या वेळात. आनंदा त्यांचा मदतनीस. हे काम आपण कधी कबूल केलं, ते बिचाऱ्याला आठवत नव्हतं.

आज आनंदाच्या बहिणीचं, कमळीचं लग्न. सगळी कॉलनी जेवायला, वऱ्हाड माकुणसारहून निघालेलं आणि लाडवांवर पहारा खंडेरावांचा. माहीमचा आचारी भिका म्हणाला होता, "पंचवीसशे एकवीस वळले." खंडेरावांनी मोजल्या तर बेचाळीस पराती, प्रत्येकीत साठ.

"आनंदा, एक लाडू गायब. वरपक्षाचा हेर आत शिरलाय."

"वरपक्ष अजून पालघरलाही पोचला नाही."

"मग मांजर."

"मांजर बुंदी खात नाही, खंडेराव."

खंडेरावांनी कोळसा उचलला आणि लग्नासाठी चुना दिलेल्या भिंतीवर भागाकार मांडले. दोननं भागलं, एक उरला. तीननं भागलं, एक उरला. दहापर्यंत हेच.

"बघ, प्रत्येक ठिकाणी हाच एक हजर. कटातला दिसतो."

पुढं अकरा, तेरा, सतरा करत ते पन्नासापर्यंत गेले. त्यापलीकडचा भाजक असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडला असता, एवढं शाळेतलं त्यांना आठवत होतं. पण कुणी सापडलंच नाही.

"मूळ संख्या!" खंडेराव गरजले. "एक आणि ती स्वतः, बाकी कुणाला दाद देत नाही. इतके लाडू सारख्या परातींत बसणंच अशक्य. भिका खोटं बोलला."

बाहेर चुलीपाशी भिकानं ते ऐकलं आणि झारा खाली ठेवला. "माज्यावर संशय? आमी बापापासून लग्नं रांधतोय. भात तुमीच शिजवा."

आनंदा धावत चुलीपाशी आला. आधण उकळत होतं, आणि वरबाप असा तापट, की गार वरणावरून भरल्या पंगतीतून उठलेला.

"भिकादादा, कमळीकडं बघून तरी थांबा."

भिका थांबला, पण झाऱ्याला हात लावेना.

तेवढ्यात आनंदाची आई साखरबाई बाहेर आली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "अहो, तो एक देवापुढं आहे. पहिला वळलेला नैवेद्याचा. देवाचा काढल्याशिवाय कुणी पराती भरतं का?"

"मग हा बोलला का नाही?" खंडेरावांनी विचारलं.

"हे काय सांगायला लागतं?" भिका म्हणाला.

साखरबाईनं देवापुढचा लाडू आणून फोडला. पहिला तुकडा भिकाला दिला. त्यानं तो तोंडात टाकला, झारा उचलला, तांदूळ आधणात पडले आणि आनंदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग कमळीला, आनंदाला, पापड तळणाऱ्या बायकांना. शेवटी खंडेरावांनी हात पुढं केला.

साखरबाईनं तळवे झटकले. "संपला हो. या खेपेला बाकी काही उरलं नाही."