कांताआत्याची क्लच केबल

कांताआत्याच्या घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागायच्या आधी पाना लागतो. मिक्सर आणला त्या दिवशी चटणी झालीच नाही. मिक्सर ओट्यावर उघडा पडला होता आणि आत्या त्याच्यात बॅटरी मारून बघत होती. "आत काय हाय ते बघाया नको? खोलल्याबिगर कळतंय व्हय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. परत जोडताना एखादा स्क्रू उरतोच. "कंपनी एक जास्तीचा देती," असं म्हणून ती तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते. बरणी निम्म्याच्या वर भरली आहे आणि मिक्सर अजून चालतो आहे.

पौडात मी तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. सकाळी हिंजवडीला जायचं, अंधार पडला की परतायचं. ती माझी खरी आत्या नव्हे. सगळी आळी म्हणते म्हणून मीही म्हणतो. राहायला आलो तेव्हा माझ्या दारावरची बेल बारीक वाजते, असं सहज बोलून गेलो. आत्याने लगेच ती खोलली. तेव्हापासून माझ्या दाराचं बटण दाबलं की तिच्या स्वयंपाकघरात वाजतं. "बरं झालं की," ती म्हणाली, "तुज्याकडं कोन येतंय ते कळतं."

तिचे यजमान तात्या. जन्मभर पौड-ताम्हिणी रस्त्यावर वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप चालवली. मग अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, हात वळायला लागला, पण डावा पाय मागे राहिला. जीप विकून टाकली. उरली ती घरची जुनी, छोटी, पांढरी गाडी. ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि कुठेही जात नाही, कारण तात्यांना चालवता येत नाही आणि आत्या शिकली नाही. "मला खोलाया येती. चालवाया कशाला यायला पायजे?"

तरीही तिची गाडीवर बारीक नजर असायची. धुणं, पुसणं, बॅटरीला पाणी घालणं. आणि सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की दिसायचं, तात्या संध्याकाळी काठी टेकत येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे. मला वाटायचं, गाणी ऐकत असतील. पण गाण्याचा आवाज कधी यायचा नाही. उभ्या गाडीत हा माणूस बसून करतो काय, याचं मला राहून राहून कुतूहल होतं.

एका रविवारी दुपारी जिना उतरलो, तर गाडीच्या दारातून दोन पाय बाहेर. डोकं स्टिअरिंगखाली, पदर कमरेला खोचलेला.

"कोन? दादा हायेस व्हय? हळू बोल. हे निजल्यात."

"काय झालं?"

तिने विस्कटलेल्या तारांचं एक टोक बाहेर काढून दाखवलं. "क्लचची केबल तुटलीया."

"मग स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याला बोलावू का?"

आत्याने ग्रीसचा हात थेट माझ्या तोंडावर ठेवला. "गप! त्यो ह्यांच्या हाताखालचा हाय. आल्या आल्या ह्यांनाच सांगंल."

"सांगेना का! केबलच तर तुटली आहे."

मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि कुजबुजत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पायाच्या व्यायामाला रबरी पट्टा दिला होता. तात्यांनी तो पत्र्यावर फेकून दिला. मग आत्याच्या डोक्यात आलं, क्लच डाव्याच पायाने दाबतात. "म्हनलं, गाडी नुसती हुबी ऱ्हायली तर खराब हुईल, रोज जरा क्लच दाबत चला. गाडीसाटी म्हनलं तर लगीच तयार!" रोज दाबायचे. पेडल जेमतेम हलायचं. आणि गेल्या आठवड्यात तात्या शेडमधून ओरडले, "कांते, गेला! पार तळाला गेला!" आत्या भाकरी तव्यावर टाकून धावली. भाकरी जळाली. ती तशीच जाऊन जिलबी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ते झोपले असताना तिने पेडल खोलून बघितलं, तर केबल तुटली होती म्हणून ते तळाला गेलं होतं.

"मग सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? आठ दिस त्ये पेडल दाबून हसत्यात. पन पायाला वजन न्हाई मिळालं तर पाय परत वाळंल. केबल तर टाकायाच पायजे."

नवी केबल तिने पिरंगुटहून मागवली होती. मी आतून टोक ढकललं, तिने बॉनेटच्या बाजूने ओढून घेतलं. मग मी पेडलवर पाय ठेवून बसलो आणि ती पुढे पाना घेऊन वाकली. "दाब. सोड. जड हाय का?"

"क्लच आहे आत्या, जडच असणार."

"आनखी मऊ करते." तिने नट आणखी ढिला केला.

"एवढा ढिला केला तर गाडी गिअरमध्ये पडणार नाही."

"गाडीला जायाचंय कुटं?"

ग्रीस तिने केबलला लावलं, पेडलला लावलं, थोडं स्वतःच्या कपाळालाही लागलं. पेडल मात्र होतं तेवढंच जड राहिलं.

संध्याकाळी मी उगाचच माझी बाईक धुवायला काढली. आत्या कोथिंबिरीची जुडी निवडत शेडच्या तोंडाशी उभी होती. तात्या आले, बसले, डावा पाय हाताने उचलून पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल जरासं हललं आणि थांबलं.

"हवा गार हाय आज," आत्या घाईने म्हणाली. "पाय आखडला आसंल."

तात्या काचेतून समोर बघत राहिले. मग म्हणाले, "केबल टाकलीस व्हय?"

आत्याचा हात जुडीतच थांबला. "कवा कळलं तुमास्नी?"

"त्याच दिशी. जलम गेला गाडीवर. तुटल्याली केबल पायाला कळत न्हाई व्हय?"

"मंग आरडलात कशापायी?"

"आरडलो तवा खरंच वाटलं. दुसऱ्यांदा दाबला तवा कळलं. तवर तू चप्पल घालून जिलबी आनाया निगाली हुतीस." मग म्हणाले, "लई दिसांनी हसली हुतीस. म्हनून गप बसलो."

मी नळ बंद केला. आत्या गाडीला वळसा घालून गेली, दुसरं दार उघडलं आणि तात्यांच्या शेजारी बसली. कोथिंबीर मांडीवर घेतली.

"दाबा," ती म्हणाली.

तात्यांनी दाबला. पेडल बोटभर गेलं, वर आलं. परत दाबला. आत्या एकेक काडी खुडत, मान खाली घालून त्यांच्या पायाकडे बघत होती. मी बादली उचलली आणि आवाज न करता जिना चढलो.