मार्थामावशींचा बुधवार

आमच्या ठाण्याच्या चर्चमध्ये सगळे एका सुरात "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणत, तेव्हा तिसऱ्या बाकावरून मार्थामावशी खणखणीत आवाजात म्हणत, "हे आमच्या स्वर्गातील आई!" पेटीवाले मास्तर दर रविवारी दचकत.

मावशी मिशनच्या दवाखान्यात सुईण होत्या. कळव्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी पोरं त्यांच्या हातांवर आली, मीही. कशाचंही कौतुक झालं की त्यांचा एकच सवाल, "कळा कोणी सोसल्या?" नाताळच्या करंज्यांबद्दल कुणी पप्पांना शाबासकी दिली, तरी हाच सवाल, आईकडे बोट करून.

एकदा पाळकसाहेब समजवायला गेले. त्यांनी कप उचलायच्या आत मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमच्या चारही पोरांच्या वेळी मी आत होते. तुम्ही?"

"मी ओसरीवर प्रार्थना करीत होतो."

"मग एवढं जग जन्माला आलं ते ओसरीवर बसून? आणि प्रभूनं स्वतःला पिलं पंखाखाली घेणारी कोंबडी म्हटलंय. कोंबडा नाही!"

साहेब बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.

पण चर्चची कमिटी ऐकेना. बायकांची सभा दर बुधवारी एकेकीच्या घरी भरे आणि घरधनीण प्रार्थना चालवी. मावशींचा बुधवार काढून आम्हाला दिला. निरोप सांगायला आईनं मला पाठवलं.

मावशींनी त्यांच्या एका खोलीत वीस कप मांडून ठेवले होते. रेशनची साखर महिनाभर साठवलेली. वर्षातून तेवढा एकच दिवस त्यांच्याकडे माणसं येत. निरोप ऐकून त्या मांडलेल्या कपांपाशी बसल्या. एकही कप उचलला नाही.

"मावशी, बापा म्हणून टाकलं तर काय होतं?" मी कसंबसं विचारलं.

"लहानपणी दुष्काळात मला मिशनच्या आश्रमात सोडली गं. तिथं बाप पुष्कळ. साहेब बाप, डॉक्टर बाप. भले होते. पण आई म्हणून हाक मारायला कुणी नव्हतं." त्यांनी एक कप उगाच पुसला. "आता एक जागा सापडलीय. ती कशी सोडू?"

संध्याकाळी आमच्याकडे सभा भरली. आईचा घसा बसलेला, म्हणून प्रार्थना माझ्यावर आली. इंग्रजी शाळेतली मी, चार माणसांत नावसुद्धा सांगायला घाबरणारी. मावशी कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. सभेत "आई" म्हणायचं नाही, हा कमिटीचा शब्द पाळत होत्या.

मी डोळे मिटले. "हे आमच्या स्वर्गातील..." कोपऱ्यातले मिटलेले ओठ आठवले. मग म्हटलं, "आई."

कुणीतरी खोकलं. मग मी मला आठवतील तेवढ्या गोष्टींचे आभार मानले. मला या जगात ओढून आणणाऱ्या हातांचेसुद्धा.

आमेननंतर कुणीतरी विचारलं, "पुढचा बुधवार कुणाकडे?"

"मार्थाबाईंकडे," आई बसलेल्या घशानं म्हणाली. "कप मांडलेलेच आहेत."

प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या मावशी उठल्या. दाराशी वाकून बराच वेळ चपला शोधत राहिल्या. त्या तर पायांतच होत्या.