दहा हॉर्सपॉवरचा हार

दसाराम दागिन्याचं मोल तोळ्यात नाही, हॉर्सपॉवरमध्ये सांगायचा.

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये मी कारकून होतो, तिथला तो वायरमन. व्होल्टेज पडलं की मोटरी जळत. दसाराम त्यांत नवी तार भरायचा आणि जळकी तार मालकाला विचारून घरी न्यायचा. मँगनीजच्या खाणीकडून वेचून आणलेले काळे खडे त्या तारेत गुंडाळून रात्रंदिवस दागिने घडवायचा. घरी दागिना घालणारं कोणी नव्हतं.

"हे टॉप्स तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीचे जी. ही नथ कोंडा उडवाच्या पंख्याची, हलकी आहे."

लग्न कोणाचंही असो, दसारामचा आहेर ठरलेला. एका नवरदेवाला त्यानं तांब्याच्या तारेचं बाशिंग दिलं. त्याच्या वजनानं पोराला मान वर करता येईना, आणि सासरची माणसं खूश, की जावई भलता नम्र मिळाला! मालकाच्या म्हशीलाही त्यानं पैंजण केले. "म्हैस बरी," म्हणायचा, "नाही म्हनत नाही."

एक मात्र होतं. तारेचं प्रत्येक टोक तो पकडीनं आत वळवायचा आणि वरून अंगठा फिरवून बघायचा. "कोनाले रुतलं, त दागिना कायचा?"

चौऱ्याहत्तर साली माझ्या लग्नात आम्हाला दहा हॉर्सपॉवरचा हार मिळाला. बायकोनं एकदाच घातला. "माय वं, गळा हिरवा झाला!" हार फळीवर गेला. दसाराम मात्र विचारत राहिला, "बाबूजी, वैनी घालते का जी?"

अवघड बोलणं टाळायची मला जन्माची सवय. म्हणालो, "रोज."

तेव्हापासून हमालांनी छेडलं, "काहून बे दसाराम, तुह्या तारा कोनी घालते का?" की तो छाती काढून म्हणायचा, "वैनी रोज घालते. विचार बाबूजीले!" सगळे माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायचो.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. एका उन्हाळ्यात घरचा फ्यूज उडाला. तार सापडेना. मी फळीवरचा हार काढला, त्याचा एक पदर उलगडून फ्यूजच्या दोन्ही स्क्रूंत अडकवला. उरलेला हार खड्यांसकट खाली लोंबत राहिला. तार इतकी जाड, की फ्यूज पुन्हा उडालाच नाही. जळला तो पंखा.

बायकोनं निरोप धाडून वायरमनला बोलावलं. मी घरी पोचलो तेव्हा दसाराम मेन स्विच बंद करून स्टुलावर उभा होता. समोर त्याचा हार.

"ते... घाईत जरा..." मी म्हणालो.

"दहा हॉर्सपॉवरचा आहे जी," तो हळूच बोलला. "पंखा जळन, हा नाही जळत."

त्यानं नवी बारीक तार बसवली. हार सोडवला. मी उलगडलेला पदर त्यानं पुन्हा गुंडाळला, टोक आत वळवलं, अंगठा फिरवला आणि हार बायकोच्या हातात दिला. "वैनी, कुठं रुतलं त नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये हमालांनी पुन्हा तेच काढलं, "काहून बे, घालते का कोनी?" माझ्या हातातला पेन थांबला. आता तो माझं नाव घेणार.

दसाराम मोटरीवर वाकलेला होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बाबूजीले कायले विचारता? रोज घालते. मी सोता पाहून आलो."