काचेआड कपडे ठेवणारे परबकाका

फ्रेम करायला आणलेल्या कपड्याला इस्त्री केलेली दिसली, की परबकाका तो कपडा हातातसुद्धा घेत नाहीत.

"धुतलात? वर इस्त्री पण मारलीत? मग दुकानातनं नवीनच आणायचा होतात ना!" असं म्हणून ते सरळ दार लावून घेतात. गिऱ्हाईक बाहेर, पिशवी हातात.

परबकाका आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात, एकटेच. मूळचे कुडाळकडचे. उभा जन्म एका शर्टांच्या दुकानात कटिंग मास्तर म्हणून गेला. रिटायर झाल्यावर लोक योगा करतात, फिरायला जातात. काकांनी जपून ठेवलेले कपडे काचेच्या फ्रेममध्ये बसवायला घेतले. कुणाचं बारशाचं झबलं, कुणाच्या आजीची खणाची चोळी, कुणाचा चिखलाचे डाग पडलेला कबड्डीचा टी-शर्ट. डाग काढलेले त्यांना चालत नाहीत. "कोपरातली चुणी म्हणजे त्या माणसाची सही," ते म्हणतात. "ती पुसलीत, मग उरलं काय? कापूस!"

गोंदाचं नाव काढायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या देसाईंनी एकदा बाहेरून करून आणलेली फ्रेम हौसेने दाखवली. काकांनी ती नाकाशी धरली.

"गोंद लावलाय?"

"बहुतेक."

"अरे, लग्नाची पत्रिका आहे काय ही? गोंद पाकिटाला लावतात!"

त्यांचं काम सगळं सुई-दोऱ्याचं. उकळून खळ काढलेल्या मांजरपाटावर कपडा पसरायचा आणि तिळाएवढ्या टाक्यांनी धरून ठेवायचा. काच आणि कपडा यांच्यामध्ये बोटभर जागा. "टेकला की घाम सुटतो त्याला," हे अगदी गंभीरपणे. समोरच्यालाही हात धुऊन, अंगठ्या काढून बसावं लागतं.

आणि सर्वात मोठा प्रश्न: "सर्व्हिस झाली का याची?" आमचे सेक्रेटरी चोणकर आपला बक्षीस-समारंभातला सफारी घेऊन गेले, तेव्हा काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, शिवणी ओढून पाहिल्या आणि परत दिला. "अजून पाच वर्षं जाईल हा. घाला." चोणकर बिचारे तो सफारी हल्ली भाजी आणायला घालतात.

मी काकांकडे गेले ती आईचा युनिफॉर्म घेऊन. आई म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात नर्स होती. परिसरातली किती बाळं आधी तिच्या हातात आली, त्याची गणती नाही. पण दोन वर्षांपासून तिच्या डोक्यात सगळं विसकटत चाललं होतं. कधी मला 'माधवी' या तिच्या जुन्या सहकारी नर्सच्या नावाने हाक मारायची, कधी विचारायची, "तुमचा पेशंट कुठल्या बेडला?" कपाटाच्या तळाशी तिचा पांढरा ड्रेस आणि लाल पट्टा सापडला, तेव्हा वाटलं, हा भिंतीवर लावावा. खरं सांगायचं तर मला पूर्वीची आई परत हवी होती. निदान काचेआड तरी.

"सर्व्हिस झाली?" काकांनी विचारलं.

"कधीच रिटायर झाली ती."

त्यांनी खिशावरचा शाईचा डाग पाहिला, खूश झाले आणि ड्रेस ठेवून घेतला.

तीन आठवड्यांनी एका दुपारी ते वर आमच्या घरी आले. फ्रेमचा पाठीमागचा बोर्ड काखेत, त्यावर ड्रेस टाक्यांनी जवळजवळ बसवलेला. "सिस्टरांचा कुठला खांदा खाली असायचा, उजवा की डावा? तसा पाडायचा आहे," ते म्हणाले.

आई सोफ्यावर बसली होती. ड्रेस पाहून ती ताडकन उठली.

"किती वाजले? माझी दुपारची ड्यूटी आहे. ड्रेस कुणी अडकवून ठेवला?"

"आई, ते फ्रेमसाठी..."

"लेबर रूममध्ये कोणी नाहीये गं!" तिचा आवाज फाटला. ती बाही ओढायला लागली. मला तिचे हात धरवेनात.

काकांनी बोर्ड टेबलावर आडवा ठेवला, शर्टाच्या खिशातून छोटी कात्री काढली आणि आपले टाके एकेक करून कापायला सुरुवात केली.

"काका, काय करताय? इतके दिवसांचं काम!"

"गप रव गो. सिस्टरांका ड्यूटीक उशीर होताहा."

मोकळा झालेला ड्रेस त्यांनी आईच्या खांद्याला लावून पाहिला. ती पार वाळली होती. "बसा सिस्टर, धोब्याने मोठा ड्रेस दिलाय. बदलून आणतो," म्हणाले आणि खाली गेले. तासाभराने आले, तेव्हा ड्रेस दोन्ही कुशींत आत घेतलेला होता. आईच्या बोटांना बटणं लावणं जमत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. वरून तीच जुनी बटणं, आतून वेल्क्रोची पट्टी.

मला राग आला होता. "मला भिंतीवर हवा होता तो," मी दारात म्हटलं.

"तुझी भिंत थांबेल," काका म्हणाले.

त्यानंतर आई रोज दुपारी ड्रेस घालून, पट्टा लावून बाल्कनीजवळ बसायला लागली. ओरडणं कमी झालं. ड्यूटीवर असल्यासारखी चार घास नीट जेवायची.

आठवड्याने दुपारी चारला काका कुशीची शिवण उसवली नाही ना, ते बघायला आले. वाकले, तोच आईने त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातावर नसलेल्या घड्याळाकडे बघत ती नाडी मोजायला लागली.

"झोप लागते?"

लोकांच्या तोंडावर दार लावणारे परबकाका शाळकरी पोरासारखे म्हणाले, "नाही लागत, सिस्टर."

"जेवता वेळेवर?"

"करतो कायतरी. कधी चहा-खारी."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"बायको होती. आता कोण नाही."

अकरा वर्षं मी त्यांच्या दारावरून जातेय. यातलं एकही मी त्यांना विचारलं नव्हतं.

आईने मनगट सोडलं नाही. "घाबरायचं नाही," ती म्हणाली. "उद्या याच वेळेला परत दाखवायला या."

तिला उद्या हे आठवणार नाही, हे मी काकांना जिन्यात सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. दारात काका. ताजी दाढी केलेली, ओल्या केसांचा भांग पाडलेला.

"सिस्टर आहेत ना?" त्यांनी हळूच विचारलं. "माझ्या आधी कोणाचा नंबर नाही ना?"

"नाही काका," मी म्हटलं. "तुमचाच आहे."