सात दहाचे प्रवासी

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा पट्टा फुगवला, तिसऱ्यांदा सोडला आणि तिसऱ्यांदा तोच आकडा बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर. काका, तुम्ही दवाखान्यात बसलाय, बसमध्ये नाही. इथं तुम्हाला कोण आडवं आलंय?"

"तो मघाशी माझ्याआधी आत घुसला होता ना, मफलरवाला," ड्रायव्हरकाका म्हणाले. "माझा नंबर सातवा. त्याचा नववा."

काका सव्वीस वर्षं शहरात सात नंबरची बस चालवत होते. गाडी कधी उशिरा पोचली नाही, आणि त्याचं गुपित त्यांच्या मते एकच होतं: मागच्याला साइड द्यायची नाही. मागून कुणी कितीही हॉर्न बडवला तरी काका आरशात बघून एवढंच म्हणत, "थांब की लेका!" सव्वीस वर्षांत सगळं शहर थांबलं. काकांचं बीपी तेवढं थांबलं नाही.

"तीन आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज एक गोळी. तीन आठवड्यांनी वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर मी फिटनेस सर्टिफिकेट देतो. नाही आला तर नाही."

नाही आला तर काय, हे आगारात काकांना आधीच सांगून ठेवलं होतं. चौकशीच्या खिडकीतली जागा रिकामी होती. ज्या प्रवाशांकडे सव्वीस वर्षं पाठ करून बसलो, त्यांच्याकडे आता तोंड करून बसायचं, तेही जाळीआडून, या कल्पनेनंच काकांना दरदरून घाम फुटला.

"मग तीन आठवडे मी करू काय?"

"थंडी पडलीय, पाखरांना पोटभर मिळत नाही. अंगणात दाणे टाका आणि खिडकीत बसून बघत राहा. ट्रॅफिक नाही, हॉर्न नाही. मन कसं शांत होतं. सगळ्या पेशंटना सांगतो मी."

"तुम्ही बसता?"

"मला कुठला वेळ?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

काकांनी त्याच संध्याकाळी एका जुन्या फळीला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे प्रवासी घसरून पडू नयेत. फळी तारेनं डाळिंबाच्या फांदीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी तिच्यावर बाजरी पसरली, कारण सात नंबरची पहिली फेरी सात दहाला सुटते.

"सात वीस झाले," काका खिडकीतून म्हणाले. "एक प्रवासी नाही."

"अहो, पाखरांना काय घड्याळ असतं?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नसलं तर करून घ्यावं."

तिसऱ्या दिवशी एक चिमणी आली. गारठ्यानं पिसं फुगवून तिचा नुसता चेंडू झाला होता. उतरण्याआधी तिनं मान वळवून दोन्ही बाजूंना बघितलं. माणसांनाही जे जमत नाही ते या एवढ्याशा जिवाला जमतं, याचं काकांना मनापासून कौतुक वाटलं. पाचव्या दिवशी दहाबारा चिमण्या होत्या, बुलबुलांची एक जोडी होती, आणि फळीवरून सांडलेलं टिपायला खाली एक गलेलठ्ठ कबुतर होतं. काकांचा चहा हातात गार झाला तरी त्यांना पत्ता नव्हता. सकाळी सातला जगात काय चालतं ते आजवर त्यांनी पुढच्या काचेतून आणि घाईत पाहिलं होतं. आता ते बसून बघत होते आणि त्यांना खरंच फार बरं वाटत होतं.

काकूंनी बहिणीकडून बीपीचं मशीन आणून ठेवलं होतं. आकडा एकशे शेहेचाळीस आला.

"आणखी सात उतरले की सुटलात!" काकू म्हणाल्या.

सहाव्या दिवशी साळुंकी आली.

ती आली आणि फळीच्या मधोमध, छाती काढून, उभी राहिली. एक चिमणी उतरली, तिच्या अंगावर ती धावून गेली. दुसरी उतरली, तिलाही पळवलं. बुलबुलांना तर फांदीवरच अडवलं. सगळे उठले तेव्हा ती पुन्हा मधोमध येऊन उभी राहिली.

"अगं, इकडे ये!" काका ओरडले. "बघ, बघ! खात नाही. एक दाणा खात नाही. मग उभी कशाला आहे?"

काकूंनी हात पुसत बघितलं. "तुमच्या त्या चेकरसारखी दिसते."

सात नंबरवर एक चेकर मधल्याच स्टॉपला चढायचा आणि दारात आडवा उभा राहायचा. त्यामुळे कुणी उतरत नसे, कुणी चढत नसे आणि गाडी हलत नसे. काकांनी साळुंकीकडे नीट पाहिलं. डोळ्याभोवती तीच पिवळट कड, मानेला तोच ताठा. त्या क्षणी तिचं नाव चेकर पडलं, आणि काकांच्या दृष्टीनं ती तो झाली.

संध्याकाळी मशीननं एकशे अठ्ठावन्न दाखवले.

काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण गाडी अडली की उतरून बघायची त्यांची सवय. त्यांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फळी टांगली, म्हणजे गर्दी वाटली जाईल. चेकरनं दोन मिनिटं या फळीवर आणि दोन मिनिटं त्या फळीवर अशी ड्यूटी लावून घेतली. मग काकांनी फळीभोवती तारेची जाळी बसवली आणि तिला चिमणीपुरती भोकं ठेवली. चेकर आत जाऊ शकला नाही. तो वर जाऊन बसला. टपावर चेकर बसलेल्या गाडीत कोण शहाणा चढेल? दाणे तसेच पडून राहिले आणि त्यांना मुंग्या लागल्या.

"राहू द्या ना आता," काकू म्हणाल्या. "अकरा दिवस झाले. एकशे चाळीस लक्षात आहे ना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे हा."

काका आगारात गेले आणि भंगारातून एक जुना रबरी भोंगा घेऊन आले. पितळी तोंडाचा, एका गाडीत बसतील तेवढ्या माणसांना एका दमात दचकवणारा.

"डॉक्टरांनी हॉर्न वर्ज्य सांगितलाय," काकूंनी आठवण करून दिली.

"तो रस्त्यावरचा. हा घरगुती आहे."

काकांनी भोंगा खिडकीच्या गजाला बांधला आणि चेकर फळीवर उतरताच दाबला. पों-पों! चिमण्या उडाल्या, बुलबुल उडाले, कबुतर त्याच्या देहयष्टीला शोभणार नाही अशा चपळाईनं उडालं, आणि शेजारच्या घरात काहीतरी फुटलं. चेकर जागचा हलला नाही. त्यानं मान डावीकडे कलती केली. काकांनी पुन्हा दाबला. त्यानं मान उजवीकडे कलती केली.

तीन दिवस काका भोंगा वाजवत होते आणि चेकर ऐकत होता. काकांना वाटलं, आज ना उद्या घाबरेल. तो शिकत होता.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला भोंगा वाजला.

"अहो, झोपू द्या की जरा!" काकू कूस बदलत म्हणाल्या.

"मी इथंच आहे," शेजारून काका म्हणाले.

दोघंही उठून बसले. भोंगा गजाला मुकाट टांगलेला होता. बाहेर भिंतीवर चेकर बसला होता. त्यानं गळा फुगवला. पों-पों.

आता त्याला कुणाच्या अंगावर धावून जायचीही गरज उरली नाही. भिंतीवरून तो एकदा भोंगा वाजवायचा, सगळं अंगण रिकामं व्हायचं, मग सावकाश उतरून फळीवर उभा राहायचा. दिवसातून तीसचाळीस वेळा. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई फाटकात आल्या.

"या वयात शोभतं का हे?"

"मी नाही हो वाजवत," काका म्हणाले. "साळुंकी वाजवते."

बाईंनी काकांकडे पाहिलं. मग त्या काकूंकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सांभाळा हो यांना."

त्या दिवशी मशीननं एकशे चौऱ्याऐंशी दाखवले. रात्री जेवताना ताटातलं चिवडत काकांनी विचारलं, "चौकशीच्या खिडकीला पंखा तरी आहे का गं?"

मुदत संपायच्या आदल्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या. "डॉक्टर, तुमचं औषध यांना बाधलंय."

"गोळी?"

"गोळी नाही. पाखरं."

डॉक्टर मनमोकळं हसले. "काकांना बसता येत नाही, दुसरं काही नाही. उद्या तपासायचंच आहे, सातला घरीच येतो. कसं बसायचं ते दाखवतो."

डॉक्टर आले. दारात बूट काढले, काकांच्या खुर्चीत बसले, काकांना शेजारच्या स्टुलावर बसवून त्यांच्या दंडाला घरच्याच मशीनचा पट्टा गुंडाळला. "आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. बघा, ती चिमणी कशी पिसं फुगवून बसलीय! अहाहा! आता आपोआपच मन..."

पों-पों.

अंगण रिकामं झालं. चेकर फळीवर उतरला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजचंच आहे."

डॉक्टर थांबले. एक चिमणी परतली, चेकरनं तिला हुसकलं. दुसरी परतली, तिलाही. डॉक्टर खुर्चीच्या टोकावर आले.

"अहो, पण तो खात नाहीये!"

"नाही."

"मग उभा कशाला आहे?"

"तेच," काका म्हणाले.

"बिचाऱ्या त्या चिमण्या एवढ्या थंडीत... अरे, हा काय न्याय झाला? हूश! ए, हूश!" डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. चेकरनं मान कलती केली. डॉक्टरांनी गजाचा भोंगा दाबला. चेकरनं त्याला ताबडतोब उत्तर दिलं. तेव्हा डॉक्टर वर्तमानपत्राची गुंडाळी करून, पायमोज्यांनिशी, अंगणात धावले.

काका दंडाला पट्टा बांधून खिडकीत बसून राहिले. गेले पंधरा दिवस मनात जे जे साठलं होतं ते सगळं डॉक्टर स्वतःच्या तोंडानं, आणि काकांनाही सुचले नसते अशा शब्दांत, बोलत होते. काकांना बोलायला काही उरलंच नाही. दवानं ओल्या गवतावर डॉक्टर घसरून बसले, तेव्हा काका मायेनं म्हणाले, "आत या डॉक्टर. गारठा बाधेल. पाखरू आहे हो ते, बसू दे जरा."

डॉक्टर लालबुंद होऊन आत आले. काकूंनी मशीनचं बटण आधीच दाबलं होतं. एकशे तीस. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी स्वतः मोजलं. एकशे अठ्ठावीस. त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली, पण नजर खिडकीबाहेर असल्यानं ती भलत्याच रकान्यात पडली.

"डॉक्टर, तुमचंही बघायचं का?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. ते गजाला बांधलेला भोंगा सोडत होते. "हा मी घेऊन जातो," ते म्हणाले. "तुमच्या तब्येतीला बरा नाही. आणि ती फळी किती बाय किती आहे?"

दोन दिवस चेकर काकांच्या अंगणात फिरकला नाही. चिमण्या सात दहाला आल्या आणि पोटभर खाऊन गेल्या.

सोमवारी काकांनी सात नंबर वेळेवर काढली. तिसरा स्टॉप दवाखान्यासमोर. दार बंद होतं आणि पायऱ्यांवर दहाबारा पेशंट मफलर गुंडाळून ताटकळत उभे होते.

"डॉक्टर आले नाहीत का अजून?" काकांनी खिडकीतून कंपाउंडरला विचारलं.

"सहालाच आलेत," कंपाउंडर म्हणाला. "मागच्या अंगणात आहेत. तिसरी फळी ठोकतायत."

काकांनी गियर टाकला. तेवढ्यात दवाखान्याच्या मागून आवाज आला, पों-पों. तो डॉक्टरांनी वाजवला की चेकरनं, हे काकांना सांगता आलं नसतं. त्यांनी आरशात पाहिलं. मागचा रस्ता अगदी मोकळा होता. तरी काकांनी गाडी कडेला घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साइड दिली.